स्वतःसाठी लिहिलेली भूमिका दुसऱ्याच्या हाती : कार्ल राइनर यांच्या कारकिर्दीविषयी प्रश्न

तिसरी_घंटा

मी गेली चौदा वर्षे पुण्यात नाटकांतून काम करतो. त्यातली बहुतेक नाटके प्रायोगिक, काही व्यावसायिक. तीन दैनंदिन मालिकांत दुय्यम भूमिकाही केल्या. मागच्या वर्षी एका विनोदी मालिकेचे आठ भाग लिहून पूर्ण केले आणि एका वाहिनीकडे नेले. त्यातला मध्यवर्ती पुरुष मीच रंगवणार, हे धरूनच एकेक वाक्य लिहिले होते. वाहिनीला लेखन आवडले. नायक मात्र दुसरा हवा, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. लेखक आणि सहनिर्माता म्हणून मला ठेवण्याची त्यांची तयारी आहे. मी अजून उत्तर दिलेले नाही.

ही हकीकत ऐकून एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी मला कार्ल राइनर यांची कारकीर्द नीट पाहण्यास सांगितले. राइनर यांना मी ‘ओशन्स इलेव्हन’ या चित्रपटातला वृद्ध ठकसेन सॉल म्हणून ओळखत होतो, त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. आता एवढे कळले आहे की ‘द डिक व्हॅन डाइक शो’ ही अमेरिकेतली गाजलेली मालिका त्यांनी मुळात स्वतःला नायक कल्पून लिहिली आणि नंतर ती भूमिका त्यांच्याकडून गेली. जाणकारांना माझे विचारणे असे की, नट म्हणून कमी पडले म्हणून राइनर लेखनाकडे वळले का? भूमिका गेल्यावर त्यांच्या हातात नेमके काय उरले, म्हणजे लेखक-निर्माता या पदाला तिथे खरोखर काही अधिकार होता का? आणि हे सारे त्यांनी मनापासून स्वीकारले, की परिस्थितीपुढे मान तुकवली?

जुनी_रीळ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण ते नुसते ‘नाही’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण राइनर कोणत्या प्रकारचे नट होते यातच त्यांच्या पुढच्या वाटचालीची किल्ली आहे.

त्यांचा जन्म २० मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. वडील घड्याळजी होते. शाळा संपल्यावर राइनर यंत्रदुरुस्तीच्या एका दुकानात मदतनीस म्हणून लागले. थोरला भाऊ चार्ली याने वर्तमानपत्रात नाट्यशिक्षणाच्या मोफत वर्गाची लहानशी बातमी वाचली आणि धाकट्याला तिकडे धाडले. हा भावाचा उपकार राइनर आयुष्यभर बोलून दाखवत. महामंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने बेकारांच्या हाताला काम देण्यासाठी जी योजना काढली होती, तिच्या पैशावर हा वर्ग चालत असे. (आपल्या रोजगार हमीतून कोणी नट निघाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.) दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात गेले, फ्रेंच दुभाषा होण्यासाठी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकले आणि पुढे हवाई बेटांवर मॉरिस इव्हान्स यांच्या पथकात दाखल होऊन सैनिकांपुढे कार्यक्रम करत पॅसिफिकभर हिंडले. युद्धानंतर ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, संगीत-विनोदी कार्यक्रम केले आणि तिथूनच १९५० मध्ये निर्माते मॅक्स लीबमन यांनी त्यांना ‘युअर शो ऑफ शोज’मध्ये घेतले.

या कार्यक्रमाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. एनबीसी वाहिनीवर दर शनिवारी रात्री दीड तास, तोही थेट प्रक्षेपित होणारा. वाक्य विसरले, दार उघडले नाही, दाढी निसटली, तरी सगळे देशभर दिसणार. मुख्य विनोदवीर सिड सीझर आणि इमोजीन कोका. राइनर यांच्याकडे काम होते ते सीझर यांना बोलते करण्याचे. विमानतळावर उतरलेल्या जर्मन ढंगाच्या विक्षिप्त प्राध्यापकाला गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारणारा वार्ताहर, ही त्यांची ठरलेली भूमिका होती. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याला हशा मिळतो, पण त्याच्यापुढे नेमका प्रश्न नेमक्या क्षणी ठेवणारा जोडीदार कच्चा असेल तर सोंगाड्या कितीही चांगला असला तरी आपटतो, हे तुम्हा नाटकवाल्यांना वेगळे सांगायला नको. राइनर हे असे जोडीदार होते. मेल ब्रूक्स यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या ‘दोन हजार वर्षांच्या म्हाताऱ्या’च्या सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकांतही प्रश्न राइनर यांचे आणि हशा ब्रूक्स यांचा. आधी हे दोघे मित्रांच्या मेजवान्यांमधून केवळ गंमत म्हणून करत असत.

दुसरी गोष्ट अशी की, तालमी नसत तेव्हा राइनर जाऊन लेखकांच्या खोलीत बसत. त्या खोलीत मेल टोल्किन, लुसिल कॅलन, मेल ब्रूक्स, नील सायमन अशी मंडळी होती. लेखक म्हणून राइनर यांचे नाव श्रेयनामावलीत नसे, पण सूचना करणे, वाक्ये फिरवणे, नको ते काढून टाकणे हे सर्व ते तिथे शिकले. १९५४ मध्ये हा कार्यक्रम संपला आणि ‘सीझर्स अवर’ सुरू झाला, तो १९५७ पर्यंत चालला. त्यात सहायक अभिनेता म्हणून राइनर यांना दूरचित्रवाणीसाठीचा एमी पुरस्कारही मिळाला. म्हणजे अपयशी नट म्हणून ते लेखणीकडे वळले, असे म्हणता येत नाही.

सीझर यांचा कार्यक्रम बंद झाल्यावर त्यांच्याकडे कौटुंबिक विनोदी मालिकांच्या संहिता येऊ लागल्या. त्या वाचून पत्नी एस्टेल यांनी, याहून चांगले तुम्हीच लिहाल, असे सुनावले. तेव्हा राइनर यांनी स्वतःला विचारले की, आपण अशा कोणत्या जमिनीवर उभे आहोत, जिथे दुसरे कोणी उभे नाही? ती जमीन त्यांच्या पायाखालीच होती. एका लहरी विनोदवीरासाठी दूरचित्रवाणीचा कार्यक्रम लिहिणारे लोक दिवसभर कचेरीत काय करतात आणि त्यातला एक जण संध्याकाळी न्यू रोशेल या उपनगरातल्या घरी, बायको-मुलाकडे कसा परततो, एवढाच विषय. राइनर स्वतः न्यू रोशेलला बॉनी मेडो रस्त्यावर राहत. मालिकेतल्या पेट्री कुटुंबालाही त्यांनी त्याच रस्त्यावर घर दिले. एका उन्हाळ्यात फायर आयलंडवर मुक्काम ठोकून त्यांनी एकदोन नव्हे, तब्बल तेरा भाग लिहून काढले.

त्यांतल्या पहिल्यावरून ‘हेड ऑफ द फॅमिली’ हा पायलट, म्हणजे मालिका विकण्यासाठीचा नमुना भाग तयार झाला. नायक रॉब पेट्री म्हणजे स्वतः राइनर. पैसा जॉन केनेडी यांचे वडील जोसेफ केनेडी यांचा, कारण त्यांचे जावई, नट पीटर लॉफर्ड, या प्रकल्पात होते. पायलट १९ जुलै १९६० रोजी सीबीएस वाहिनीवर दाखवला गेला आणि मालिका म्हणून तो कोणीच विकत घेतला नाही. तुमची गोष्ट सुरू होते तिथे राइनर यांची गोष्ट जवळजवळ संपली होती.

पटकथेचा_मजूर

मी मुंबईत दैनंदिन मालिकांसाठी पटकथा लिहितो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयीच बोलतो.

तेरा भाग आधी लिहून ठेवणे ही गोष्ट आपल्याकडच्या भाषेत ‘बँक’ वाटेल, पण ती बँक नव्हती. आपली एपिसोडची बँक म्हणजे पाऊस, आजारपण, नटाच्या तारखा यांच्यापासून वाचण्यासाठी केलेली साठवण. राइनर यांनी ते भाग पुढे येणाऱ्या लेखकांसाठी नमुना म्हणून लिहिले होते. ही माणसे कशी बोलतात, कशावरून भांडतात, विनोद कुठवर ताणायचा आणि कुठे थांबायचे, हे ज्याला कळून घ्यायचे त्याने ते तेरा भाग वाचावेत. आपल्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे आणि या तिघांवर वाहिनीचा ईपी (कार्यकारी निर्माता), अशी उतरंड असते. त्यामुळे सहा महिन्यांनी मालिकेतली सासू कोणाची होती हे कोणालाच सांगता येत नाही. (मी स्वतः असल्या तीन सासवांचा एकतृतीयांश जनक आहे.) तिथे मात्र मालिकेचा जनक, मुख्य लेखक आणि निर्माता एकच होता. पहिल्या दोन हंगामांतले बहुसंख्य भाग राइनर यांनी स्वतः लिहिले आणि इतरांच्या संहितांवरून हात फिरवला तोही त्यांनीच.

प्रमाण लक्षात यावे म्हणून सांगतो. डिक व्हॅन डाइक यांना नायक करून पुन्हा उभी केलेली ती मालिका ३ ऑक्टोबर १९६१ पासून १ जून १९६६ पर्यंत चालली. पाच हंगामांत १५८ भाग झाले. आठवड्याला सहा भाग दाखवणारी आपली मालिका तेवढे भाग सव्वीस-सत्तावीस आठवड्यांत संपवते. त्यांच्याकडे एका भागासाठी जवळजवळ पूर्ण आठवडा असे; टेबलाभोवती वाचन, मग उभ्याने तालमी, दुरुस्त्या, आणि शेवटी एका संध्याकाळी प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी चित्रण. ही पद्धत नाटकाच्या जवळची आहे आणि राइनर, व्हॅन डाइक दोघेही रंगभूमीवरून आलेले असल्याने ती त्यांना मानवली.

लेखकांसाठी त्यांचे दोन दंडक मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की, गोष्ट घरातून आणायची. काल तुझ्या घरी काय घडले, बायको कशावरून चिडली, मुलाने शाळेत काय विचारले, ते सांग, त्यातून भाग काढू. दुसरा असा की, त्या वेळी चलनात असलेले बोलीतले फॅशनेबल शब्द संहितेत येऊ द्यायचे नाहीत, म्हणजे मालिका लवकर जुनी होणार नाही. बिल पर्स्की आणि सॅम डेनॉफ, तसेच गॅरी मार्शल आणि जेरी बेल्सन या जोड्या याच हाताखाली तयार झाल्या आणि पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीवर मोठ्या झाल्या.

आता अधिकाराविषयी. मालिकेच्या निर्मितीसंस्थेचे नाव होते ‘कॅल्व्हाडा’. हे नाव चार जणांच्या नावांतली अक्षरे जोडून बनवले होते : कार्ल राइनर, निर्माते शेल्डन लिओनार्ड, व्हॅन डाइक आणि नट-निर्माते डॅनी थॉमस. म्हणजे भूमिका गेली, तरी मालिकेची मालकी काही अंशी राइनर यांच्याकडे होती, आणि ती भूमिका ज्याच्याकडे गेली त्यालाही भागीदार करून घेतले होते. तुम्हाला देऊ केलेले ‘सहनिर्माता’ हे पद श्रेयनामावलीतली एक ओळ आहे की करारातली टक्केवारी, हे आधी विचारून घ्या. अंतिम संहितेवर शेवटचा शब्द कोणाचा, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. बैठकीत दिलेले शब्द चित्रीकरणाच्या पहिल्या आठवड्यातच विसरले जातात, हा माझा अनुभव आहे.

उलट_तपासणी

वरच्या दोन्ही उत्तरांत माहिती उत्तम आहे, परंतु राइनर यांच्या त्यागाची आरती होऊ नये म्हणून थोडे लिहितो.

भूमिका त्यांनी उदार होऊन सोडली नव्हती. पायलट पडला होता आणि त्यांच्या लेखी विषय संपला होता. शेल्डन लिओनार्ड यांनी ते भाग वाचून मालिका पुन्हा उभी करण्याचे ठरवले, तेव्हा एकाच मजकुरावर दोनदा आपटण्याची माझी इच्छा नाही, असे राइनर म्हणाले. त्यावर लिओनार्ड यांनी दिलेले उत्तर राइनर पुढे स्वतःच हसत हसत सांगत : तुम्ही आपटणार नाही, तुमचे काम करायला आपण तुमच्याहून चांगला नट आणू. हे ऐकून घेणे सोपे नसणार. मात्र सांगणारा कोण होता हेही पाहावे. लिओनार्ड स्वतः कित्येक वर्षे चित्रपटांत गुंडांच्या भूमिका करत आले होते. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधला निक नावाचा बारवाला म्हणजे तेच. नटाचे निर्माता झालेले असल्यामुळे नटाला काय झोंबते आणि तरी काय सांगावेच लागते, हे त्यांना ठाऊक होते. वाहिनीच्या वातानुकूलित खोलीतून आलेला तोच निरोप आणि एका मुरलेल्या नटाने समोर बसून सांगितलेली तीच गोष्ट यांत अंतर आहे.

निवड योग्य ठरली, यात शंका नाही. दूरचित्रवाणीवरचे सूत्रसंचालक जॉनी कार्सन यांचेही नाव विचारात होते, पण ब्रॉडवेवर ‘बाय बाय बर्डी’ करत असलेल्या डिक व्हॅन डाइक यांना घेतले गेले. माझ्या मते फरक शरीराचा होता. राइनर यांचा रॉब हुशार वाटतो, पण तो घरी आला तरी अंगावरची कचेरी उतरत नाही. व्हॅन डाइक यांचे हातपाय त्यांच्या डोक्याच्या आज्ञेत नसल्यासारखे हलतात, दिवाणखान्यातल्या बैठ्या स्टुलाला अडखळून ते सपशेल पडतात, आणि लेखक म्हणून मिरवणारा माणूस घरात किती हतबल असतो हे एका शब्दाविना कळते. हे संहितेत लिहिता येत नाही.

आणखी एक. आपल्या मराठी मनावर ‘सबकुछ पुलं’ या तीन शब्दांचा पगडा आहे. ‘गुळाचा गणपती’ १९५३ मध्ये आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि नायकही पुलंच. तेव्हापासून प्रत्येक लिहित्या नटाला वाटते की, एखादे खाते दुसऱ्याकडे दिले म्हणजे आपण कमी पडलो. पुलं पुढे दिल्लीत दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या दिवसांत निर्माते होते, पण ती सरकारी नोकरी होती. तिथे प्रायोजक नव्हता आणि दर हंगामाला मालिका वाचवायची नव्हती. राइनर यांच्यापुढे हे दोन्ही होते. पहिल्याच हंगामानंतर सीबीएस मालिका बंद करायला निघाली होती. लिओनार्ड यांनी सिनसिनाटी गाठून प्रॉक्टर अँड गँबल या प्रायोजक कंपनीची समजूत घातली, तेव्हा ती वाचली. राइनर त्या काळात सकाळी लेखक, दुपारी निर्माता आणि रात्री नायक असे तिन्ही असते, तर दुसऱ्या हंगामाचे लेखन कोणी केले असते?

तिसरी_घंटा

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मालकीच्या टक्केवारीचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. एकच विचारतो : त्यानंतर राइनर यांचा अभिनय सुटला का? मला भीती वाटते ती याचीच. एकदा ‘लेखक’ म्हणून शिक्का बसला की नट म्हणून दूरध्वनी येणे थांबते, हे मी दोन मित्रांच्या बाबतीत पाहिले आहे.

जुनी_रीळ

सुटला नाही, आणि हाच भाग मला सर्वांत मौजेचा वाटतो.

मालिकेतला रॉब ज्या विनोदवीरासाठी लिहितो त्या ॲलन ब्रॅडीची भूमिका राइनर यांनी स्वतःकडे घेतली. ब्रॅडी म्हणजे घमेंडी, तापट, सगळ्यांना धाकात ठेवणारा मालक. सुरुवातीला त्याचा नुसता आवाज येई किंवा पाठमोरे डोके दिसे. एवढ्या बड्या ताऱ्याचा चेहरा म्हणून राइनर यांचा ओळखीचा चेहरा प्रेक्षकांना पटणार नाही, अशी त्यांची स्वतःचीच शंका होती. पुढे तो चेहऱ्यासकट दिसू लागला. १९६५ मधला एक भाग आजही काढून पाहावा. त्यात रॉबची पत्नी लॉरा, म्हणजे मेरी टायलर मूर, एका कार्यक्रमात बोलता बोलता ब्रॅडीला टक्कल असल्याचे देशभर जाहीर करून बसते आणि नंतर क्षमा मागायला त्याच्या कचेरीत जाते. तिथे राइनर आपले सगळे टोप टेबलावर मांडून त्यांच्याशीच बोलत बसलेले आहेत. स्वतःच्या मालिकेत पाहुण्यासारखे येऊन जाणारा निर्माता इतके टक्कल उघडे टाकायला तयार होतो, तेव्हा त्याच्यातला नट सुखरूप आहे असे समजावे. याच ॲलन ब्रॅडीचे सोंग त्यांनी ‘मॅड अबाउट यू’ या मालिकेत पुन्हा एकदा आणले आणि १९९५ मध्ये त्यासाठी पाहुणा कलाकार म्हणून एमी घेतला. तुम्ही पाहिलेला सॉल त्यानंतरचा, २००१ मधला. तेव्हा ते एकोणऐंशीच्या आसपास होते. जून २०२० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णव्या वर्षी ते गेले.

अधिकाराची मर्यादाही त्यांनी अनुभवली, हे नोंदवून ठेवतो. १९७१ मध्ये त्यांनी व्हॅन डाइक यांच्यासाठी दुसरी मालिका निर्माण केली. तिच्या तिसऱ्या हंगामात आईवडिलांच्या खोलीत मुलगी अवचित डोकावते आणि ते प्रणयात असल्याचे तिला दिसते, असा प्रसंग सूचित करणारा एक भाग होता. पडद्यावर आक्षेपार्ह काही नव्हते, तरीही सीबीएसने तो दाखवण्यास नकार दिला. राइनर मालिकेतून बाहेर पडले आणि १९७४ मध्ये ती संपली. पुढे दिग्दर्शनात त्यांनी मोठे नाव मिळवले, पण तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

मान तुकवली की मनापासून स्वीकारले, याचे उत्तर मला जून १९६६ मध्ये दाखवलेल्या अखेरच्या भागात दिसते. रॉब आपले आत्मचरित्रवजा पुस्तक पूर्ण करतो. प्रकाशक ते परत पाठवतो. मात्र ॲलन ब्रॅडीला ते आवडते आणि तो त्यावर दूरचित्रवाणी मालिका काढायचे ठरवतो. रॉब ती लिहिणार आणि नायक रॉबची भूमिका करणार स्वतः ब्रॅडी. म्हणजे पाच वर्षांपूर्वी हातून गेलेली भूमिका राइनर यांनी शेवटच्या भागात, मालिका संपता संपता, स्वतःला देऊन टाकली.

तिसरी_घंटा

हा शेवट मला ठाऊक नव्हता. काल रात्री माझे आठही भाग नायकाच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी पाहत पुन्हा वाचले. तीन भागांतले मुख्य विनोद माझ्या पाच फूट दोन इंच उंचीवर बेतलेले निघाले आणि लिहिताना ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. वाहिनीने सुचवलेला नट सहा फुटांहून उंच आहे. गुरुवारच्या बैठकीत टक्केवारीचे आणि अंतिम संहितेच्या हक्काचे विचारतो. तोवर ते तीन भाग नव्याने लिहायला घेतले आहेत.